साधं दुखणं

भामरे बाईंनी मणक्यांचा पिवळट सांगाडा पुढे ओढला,
खालच्या दोन मणक्यांवर पेन टेकवलं.
पाय बधिर होतो? नाही.
लघवी अडते? नाही. ताप? वजन घटलंय? नाही.
मग साधं दुखणं आहे, म्हणाल्या,
बहुतेकांचं असतं तसलं.
झोपून राहू नका. चाला.

साधं.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांच्या कोऱ्या तावांवर वाकून
मी चुकलेला ठिपका शोधत होतो.
किती रुपये डोळ्यांखालून गेले,
खिशाला एकही चिकटला नाही.
तेव्हा पाठ कुठे असते ते ठाऊकच नव्हतं.
निरोपाच्या दिवशी साहेबांनी ती थोपटली,
तेव्हा कळलं, आहे म्हणून.

मृण्मयीने बंगळुरूहून खोकं पाठवलं.
लव्हेंडर, जिरेनियम, इलांग-इलांग,
बोटभर बाटल्या, एकेकीवर परक्या डोंगराचं चित्र.
सोबत चिठ्ठी: बाबा, थेट लावू नका,
चमचाभर तिळाच्या तेलात दोन-तीन थेंब,
आणि तोच हात डोळ्यांना नको.
दुखणं थांबेलच असं नाही, झोप कदाचित येईल.
माझीच मुलगी.
ठिपका चुकलाय ते आधीच सांगून टाकते.

बाटली घेऊन भद्रकालीत गेलो, रफीउद्दीनचाचांच्या दुकानात.
त्यांनी हुंगली, बराच वेळ डोळे मिटून.
गवत आहे, म्हणाले, पण खानदानी गवत.
मग माझ्या मनगटावर गुलाबाची काडी ओढली:
हे शहर गुलशनाबाद होतं, तेव्हाची ही सवय.
चाचा, याने दुखणं जातं?
जाईल कुठे बिचारं?
नाक त्याला घटकाभर
गप्पा मारायला बोलावून नेतं, एवढंच.

रात्री वाटीत तेल कालवलं.
हात खांद्यावरून नेला, दोन बोटं कमी पडली.
कमरेकडून वर नेला, पुन्हा दोन बोटं.
जिथे दुखतं नेमकं तिथेच
माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही.
हा ताव माझ्या टेबलावर आला असता
तर मी बाजूला काढला असता.
शेवटी दाराच्या चौकटीला
पाठ घासली, म्हशीसारखी.
चौकटीला अजून लव्हेंडरचा वास येतो,
मला नाही.

शालन माझ्या पाठची.
आईच्या पाटल्यांवरून आम्ही नऊ वर्षं
एकमेकांकडे पाठ करून बसलो होतो,
ती पंचवटीत, मी जेलरोडला.
पोरीनेच फोन केला असणार.
फुलबाजारातून तशीच आली, हातात ओलं पोतं,
चपला काढता काढता म्हणाली, उलटा हो.

हा कसला वास, आजारी फुलाचा, म्हणाली,
आणि तिचा अंगठा
न विचारता नेमका तिथे बसला.
दोऱ्याने कापलेली खरबरीत बोटं,
तेलाच्या खालून शेवंतीचा कडवट हिरवा वास,
त्याच्या खाली पोत्याचा.
पाटल्यांचं नाव कुणी काढलं नाही.
मी उशीत तोंड खुपसून विचारलं,
तुझी दुखते का गं?

पहाटे चारपासून वाकून मोगरा ओवते,
दुखणार नाही तर काय?
पण साधंच आहे.

वाटीत तेल उरलं होतं.
घेऊन जा, सुनेला सांग लावायला, म्हणालो.
ती नुसतीच हसली.
सुनेचं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.
मग मी तिला चौकटीची गोष्ट सांगितली,
म्हशीसकट.

निघताना ती दारात थांबली,
पोतं खाली ठेवलं, पदर सावरला,
जिन्यात कुणी नाही ना ते पाहिलं,
आणि चौकटीला पाठ लावली.
जरा वर, मी म्हणालो.
गप रे, म्हणाली, डोळे मिटून.
कळतंय मला.